परळचा मठ आणि आर्ब्वाचा द्राक्षारस

परळच्या हाफकिन संस्थेची जुनी इमारत आपल्यापैकी अनेकांनी जाता-येता पाहिली असेल. लशी आणि सर्पदंशावरील औषध यांसाठी ती सर्वांना परिचित आहे. परंतु पोर्तुगीज अमदानीत त्या जागी येशूसंघीय धर्मगुरूंचा मठ होता, ही गोष्ट आता थोड्यांच्याच स्मरणात उरली आहे. १७१९ च्या सुमारास इंग्रजांनी तो जप्त केला. पुढे ही वास्तू मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान झाली आणि १८९९ साली तेथे प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली. धर्मगुरूंची वेदी, गव्हर्नरांचे भोजनगृह आणि शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा! या तिन्हींना जोडणारा एक धागा आम्हांस दिसतो. तो आहे द्राक्षारसाचा. नेमके सांगायचे, तर द्राक्षारस नासतो का, या प्रश्नाचा.

हा प्रश्न ख्रिस्तसभेला प्रथमपासून महत्त्वाचा वाटत आला. मिस्साबलिदानासाठी लागणारा द्राक्षारस नैसर्गिक, द्राक्षांपासून केलेला आणि न नासलेला असावा, असा धर्मसभेचा नियम आहे. द्राक्षारस पूर्णपणे आंबून त्याचा शिरका झाला, तर तो द्राक्षारसच राहत नाही आणि त्याने अर्पण होत नाही. द्राक्षमळ्यांच्या देशात हा नियम पाळणे सोपे; मुंबईच्या दमट उकाड्यात, महिनोन्‌महिने जहाजात हेलकावे खाऊन आलेल्या पिंपांबाबत ते कठीण होते.

समुद्रप्रवासाने यावर एक उत्तर आपोआप शोधले. आफ्रिकेच्या वायव्येस असलेल्या मदिरा या पोर्तुगीज बेटावरून हिंदुस्थानकडे येणारी जहाजे पिंपे भरून घेत. त्यांतला पांढरा द्राक्षारस उष्ण कटिबंधातून जाताना नासण्याऐवजी सुधारतो, असे व्यापाऱ्यांच्या ध्यानी आले. द्राक्षांपासूनच काढलेला मद्यार्क थोडा मिसळल्यावर तो अधिकच टिकाऊ झाला. कंपनीच्या अमलातील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेजावर अठराव्या शतकात हाच मदिरा असे. दूरच्या मिशनांची अडचण ओळखून रोमनेही पुढे अशा मिश्रणास मर्यादित मुभा दिली. १८९६ च्या निर्णयानुसार गोड द्राक्षारसात एकूण मद्यार्क अठरा टक्क्यांपर्यंत चालतो. मात्र मिसळलेला मद्यार्क द्राक्षांचाच हवा.

हवेशी मैत्री करून टिकणारा दुसरा द्राक्षारस फ्रान्समध्ये, स्वित्झर्लंडच्या सीमेलगतच्या ज्यूरा प्रांतात होतो. त्यात मद्यार्क मिसळत नाहीत. साव्हान्यँ नावाच्या, फ्रान्सबाहेर फारशा परिचित नसलेल्या पांढऱ्या द्राक्षापासून तो करतात आणि रंगावरून त्याला व्हँ झोन, म्हणजे पिवळा द्राक्षारस म्हणतात. शातो-शालों येथील बेनेडिक्टाईन मठवासिनींनी तो नावारूपास आणला, अशी तेथील परंपरा सांगते. एरवी पिंपातला रस आटला की वरून भर घालून पिंप काठोकाठ ठेवतात, कारण आत शिरलेली हवा रस नासवते. येथे मुद्दाम भर घालत नाहीत. रिकाम्या जागेतील हवेखाली रसावर किण्वांची पातळ साय धरते. ती साय शाबूत राहिली, तर रस नासत नाही, परिपक्व होतो. द्राक्षे तोडल्यापासून सहा वर्षे तीन महिने उलटल्यावरच तो विकता येतो. तोपर्यंत लिटरमागे सुमारे बासष्ट सेंटिलिटर उरतो, असे मानतात आणि त्याची ठेंगणी बाटली बरोबर तेवढ्याच मापाची असते.

हा रस आम्ही एकदाच चाखला आहे. गोड मिस्सावाईनची सवय असलेल्या जिभेला पहिला घोट परका वाटतो. तो पूर्ण कोरडा आणि आंबटसर असतो. त्याला अक्रोडाचा आणि जुन्या सफरचंदाचा वास येतो. मग हळूहळू एक ओळखीचा गंध वर येतो, तो मेथीचा! ही केवळ कल्पना नव्हे. सोटोलोन नावाचे जे द्रव्य मेथीला तिचा वास देते, तेच या द्राक्षारसातही तयार होते. घोट गिळल्यावरही चव बराच वेळ रेंगाळते.

याच ज्यूरातील आर्ब्वा गावी एका कातडी कमावणाऱ्याचा मुलगा वाढला, लुई पाश्चर. १८६३ साली सम्राट तिसऱ्या नेपोलियनने त्याला द्राक्षारसाच्या रोगांचा अभ्यास करण्यास सांगितले आणि पाश्चर आपल्या गावच्या तळघरांकडे वळला. शिरका हवेमुळे आपोआप होत नाही. हवेवर जगणारे सूक्ष्म जीव तो करतात, हे त्याने सिद्ध केले. रसावर साय धरणारा एक जीव निरुपद्रवी, तर दुसरा घातक, हा भेद त्याने सूक्ष्मदर्शकातून दाखवला. द्राक्षारस पन्नास ते साठ अंशांपर्यंत तापवला, तर घातक जीव मरतात, हेही त्याने दाखवून दिले. दूध पाश्चराइज करणे हा शब्दप्रयोग आपण रोज करतो. त्याचा उगम असा द्राक्षारसात आहे.

आता पुन्हा मुंबईकडे वळू. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग आल्याचे निदान डॉ. अकासिओ व्हिएगस या गोवेकर कॅथलिक डॉक्टरांनी केले. धोबीतलावजवळ, मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळा आहे. लाखो लोक शहर सोडून गेले. गिरणगावच्या चाळी ओस पडल्या. त्याच ऑक्टोबरात पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेले वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून प्लेगचे जंतू वाढवले. त्या थेंबांना धरून जंतूंच्या वाढीचे तंतू खाली लोंबत. मग सत्तर अंशांची उष्णता देऊन जंतू मारले की लस तयार होई. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पृष्ठभागावरची वाढ सांभाळणे आणि मोजून उष्णता देणे, या दोन्ही गोष्टींत आर्ब्वाच्या तळघरातील धडा ओळखू येतो. दोन वर्षांनी हे कार्य परळच्या जुन्या मठात आले आणि १९२५ साली संस्थेला हाफकिन यांचे नाव मिळाले.

मठातील धर्मगुरू आणि हाफकिन यांच्यात एरवी साम्य शोधू गेल्यास थोडेच सापडेल. हाफकिन तर यहुदी होते. तरीही दोघांना एकाच गोष्टीची राखण करावी लागली: जे जीवनासाठी द्यायचे, ते नासता कामा नये. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही धर्मविधीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसास परवानगीची वाट मोकळी ठेवली होती. दारू आणि वेदीवरचा द्राक्षारस यांतील फरक शासनाने मानला. तो आपणही जाणून घ्यावा. क्रुसावर प्रभूच्या ओठांना आंब लावण्यात आली, हे आपण दरवर्षी उत्तम शुक्रवारी ऐकतो. द्राक्षारसाची आंब होऊ नये म्हणून माणसांनी जी दक्षता शिकून घेतली, तिचा एक लाभ याच मुंबईतील हजारो घरांना मिळाला. वेदीवर द्राक्षारसाची लहानशी कुपी ठेवली जाते, तेव्हा एवढा इतिहास आपल्या ध्यानी असावा.