काजव्यांच्या रात्रीआधीचे सात तास

मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत भंडारदऱ्याला काजव्यांचा हंगाम असतो. वळवाच्या एक-दोन सरी पडल्या की घाटघर, साम्रद, मुरशेत, उडदावण्याकडची हिरड्या-बेहड्याची आणि सादड्याची झाडं रात्री लुकलुकू लागतात, आणि मुंबई-पुणे-नाशिकच्या गाड्या शेंडीचा रस्ता धरतात. काजवे ज्या वळवाबरोबर येतात, त्याच वळवात विजाही पडतात. खालचा घटनाक्रम कुठल्या एका तारखेचा नाही. पात्रं आणि वेळा मी मांडल्या आहेत. ढग, वीज आणि माणसांचं वागणं मात्र जसं असतं तसंच आहे. जीव वाचवायची संधी या सात तासांत अनेकदा येते, पण दर वेळी आधीपेक्षा थोडी लहान होऊन येते.

सकाळी ११ : सात तास बाकी

भंडारदऱ्याच्या जिल्ह्याचा पठारी भाग तापलेला आहे. अरबी समुद्रावरची दमट हवा कोकणातून सह्याद्रीची भिंत चढून वर येते आहे. हवामान खात्याच्या इशाऱ्यात जिल्ह्यासमोर पिवळा रंग आहे : मेघगर्जना, विजा, सोसाट्याचा वारा. निघणाऱ्यांनी पाऊस किती पडेल एवढंच पाहिलं, विजांची ओळ वाचलीच नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आपल्या आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. ते घरूनच मोबाइलमध्ये घ्यायला हवं, कारण घाटात रेंजचा भरवसा नसतो.

दुपारी १ : पाच तास बाकी

भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलेलं असतं. मागे उरतो रुंद, उघडा काठ. पाण्याजवळ म्हणून तंबू तिथेच लागतात. त्या सपाटीवर सगळ्यांत उंच वस्तू म्हणजे तंबूचा खांब, नाहीतर त्याच्याशेजारी उभा असलेला माणूस. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे तंबूबरोबर गाडीतला मुक्कामही लोकांना खुणावतो. आजच्या मुक्कामात अशी एक गाडी आहे. सावलीसाठी ती एकट्या जांभळाखाली लावली आहे. उघडा काठ आणि एकटं झाड, दोन्ही जागा चुकीच्या. जागा हवी ती पक्क्या इमारतीजवळची, टेकाडापासून आणि एकट्या झाडापासून दूर. या घडीला गाडी हलवायला दहा मिनिटं पुरतात.

दुपारी ३ : तीन तास बाकी

कळसूबाईच्या माथ्यामागे ढग चढू लागलेत. शिखर १,६४६ मीटर उंच, राज्यात सर्वोच्च, आणि वाटेवर लोखंडी शिड्या. विजेच्या दिवसांत दुपारपूर्वी खाली उतरलेलं बरं. ढगाचा माथा बारा-पंधरा किलोमीटरवर पोचून ऐरणीसारखा सपाट पसरतो. आत बर्फाचे स्फटिक आणि मऊ गारा एकमेकांवर आपटतात आणि विद्युतभार वेगळा होतो. बहुधा ऋण भार ढगाच्या खालच्या भागात साठतो. काठावर अजून ऊन आहे आणि मुलं पाण्यात आहेत.

दुपारी ४:३० : दीड तास बाकी

काळोख पडायच्या आत दिव्यांची माळ लावायची घाई चालू आहे. माळेचं एक टोक जांभळाच्या फांदीला बाइंडिंग तारेने आवळलेलं, मधला भाग गाडीच्या छताच्या लोखंडी पाइपावरून नेलेला आणि प्लग गाडीच्या सॉकेटमध्ये. गाडीत येणारी वायर जनरेटरपासून ओल्या गवतातून आलेली. झाडावर वीज पडली तर तिला थेट गाडीच्या आत यायला वाट तयार झाली. हीच वेळ माळ उतरवायची, वायर काढायची, कापडी छत गुंडाळायचं आणि अँटेना खाली घ्यायची. गडगडाट सुरू झाल्यावर यातल्या कशालाही हात लावणं धोक्याचं.

संध्याकाळी ५:१५ : पाऊण तास बाकी

पहिला गडगडाट. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंद मोजले तर वीज दहा किलोमीटरवर आहे. पुढची वीज तेवढं अंतर ओलांडून आपल्याकडे पडू शकते, वर पाऊस नसला तरी. गडगडाट कानावर आला म्हणजे आपण तिच्या टप्प्यात आलो.

संध्याकाळी ५:३० : अर्धा तास बाकी

“दादा, गडगडतंय. पोरांना घेऊन गाडीत बसा,” तंबूवाला सांगतो.

“अहो, अजून थेंब नाही. भजी तर होऊ द्या.”

या दोन वाक्यांत संध्याकाळचा निकाल लागतो. पाहुणे पावसाची वाट बघतात. गावातली गुरं केव्हाच घराकडे वळली आहेत.

जायचं कुठे? पक्कं घर सर्वांत चांगलं. ते नसेल तर पत्र्याच्या टपाची, काचा बंद केलेली मोटार. वीज पत्र्यावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत उतरते, म्हणून आतला माणूस वाचतो. रबरी टायरचा त्यात काही वाटा नाही. कॅराव्हॅनचं अंग सगळीकडून धातूचं असेल तर तीही चालते. फायबरच्या किंवा लाकडी सांगाड्याच्या गाडीवर मात्र विसंबू नये. तिच्यातून उतरून ती ओढणाऱ्या मोटारीत जावं. आत बसल्यावर नळ, शेगडी, धातूची चौकट आणि चार्जिंगला लावलेला फोन यांना हात लावायचा नाही.

संध्याकाळी ५:४५ : पंधरा मिनिटं बाकी

गार वारा सुटतो, धूळ उठते, मातीचा वास येतो. दिवसभराच्या उकाड्यानंतर सगळ्यांना बरं वाटतं, कोणी व्हिडिओ काढायला काठावर धावतं. ढगातली थंड हवा खाली कोसळून पुढे पसरली आहे, म्हणजे वादळ दारात आलं आहे. मोटारीपर्यंत धावत जायला अजून वेळ आहे.

संध्याकाळी ५:५५ : पाच मिनिटं बाकी

टपोरे थेंब. निम्मे लोक तंबूत शिरतात, निम्मे जांभळाखाली उभे राहतात. कापड पाऊस अडवतं, वीज नाही. २३ डिसेंबर १९७५ रोजी तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, वादळात एका झोपडीत आसऱ्याला दाटीने बसलेली २१ माणसं एकाच विजेने गेली. जागतिक हवामान संघटनेच्या दप्तरी ती नोंद आहे. आडोसा मिळाला म्हणजे सुरक्षित झालो असं नाही.

संध्याकाळी ६ : शून्य

अंगावरचे केस उभे राहतात. आता शब्दाला वेळ उरलेला नाही. ढगातून टप्प्याटप्प्याने उतरणारी वाट जमिनीवरून वर झेपावणाऱ्या ठिणगीला मिळते, आणि हवा क्षणात जवळपास तीस हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते. वीज जांभळावर पडते. बुंध्यावरून ती शेजारच्या माणसावर उडी घेते आणि मुळांपासून जमिनीत पसरते. दोन पावलांखालच्या जमिनीत विद्युतदाबाचा फरक असतो, म्हणून वीज शरीरातून वाहते. नॉर्वेतल्या हार्डांगरविडा पठारावर ऑगस्ट २०१६ मध्ये ३२३ रेनडिअर एकदम मेले, तेही मुख्यतः जमिनीतून पसरलेल्या विजेने. विजेचे बहुतेक बळी असे आडवाटेने जातात.

संध्याकाळी ६:०१

दोघे पडले आहेत आणि कोणी जवळ जात नाही, “शॉक लागेल” म्हणून. विजेने पडलेल्याच्या अंगात वीज राहत नाही, त्याला हात लावता येतो. जो निपचित आहे, श्वास घेत नाही, त्याच्याकडे आधी जायचं. कण्हणारा श्वास घेतो आहे, तो थोडं थांबू शकतो. छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहायचं, येत असेल तर तोंडाने श्वास द्यायचा, आणि दुसऱ्याने १०८ लावायचा. अनेकदा हृदय पुन्हा चालू होतं पण श्वास बंदच राहतो, म्हणून मदत लगेच हवी. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं मात्र बाकी कोणी उघड्यावर यायचं नाही.

देशात २०२२ या एका वर्षात विजेने २,८८७ माणसं गेल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची नोंद आहे. त्यातली कितीतरी शेतात राबणारी होती. त्यांना काम टाकून पळणं परवडत नाही. मुक्कामाला जाणाऱ्याला ते परवडतं. म्हणून भंडारदऱ्याच्या अकोले तालुक्यातल्या प्रत्येक कॅम्पला पाच मिनिटांच्या अंतरावर वीजरोधक बसवलेली एक पक्की खोली असलीच पाहिजे, आणि ती नसेल तर परवानगी मिळता कामा नये. तो नियम येईपर्यंत बुकिंगचे पैसे भरण्याआधी जेवणाची यादी विचारतो तसाच एक प्रश्न विचारा : “गडगडायला लागलं तर आम्हाला कुठे बसवणार?” उत्तर ‘तंबूत’ असेल तर दुसरी जागा शोधा.