सरासरीच्या खालची माणसे

आमच्या धाराशिव जिल्ह्यात ‘पीक कापणी प्रयोग’ हा शब्द शाळेत न गेलेल्या शेतकऱ्यालाही ठाऊक असतो. गावातली काही शेते चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची, शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, त्यातले पीक कापून वजन करायचे आणि त्यावरून साऱ्या मंडळाचे उत्पन्न ठरवायचे. सोयाबीनचा विमा मिळणार की नाही, हे त्या तुकड्यावर ठरते. ही पद्धत भारतात शास्त्रशुद्ध पायावर उभी करणाऱ्यांत एक मराठी संख्याशास्त्रज्ञ होता, हे मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे त्यांचे नाव. धान्य किती पिकते हे मोजण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि माणसाला धान्य किती लागते या प्रश्नापाशी ते येऊन थांबले. या दुसऱ्या प्रश्नावर पुण्यात जो वाद झाला, तो मला गेली काही वर्षे सोडत नाही. मी अर्थशास्त्राची पदवी घेतलेली नाही; जुने अंक आणि अहवाल मिळवून जमेल तसे वाचत गेलो, त्यातून जुळलेली ही मांडणी.

सुखात्मे यांचा जन्म १९११ सालचा, सातारा जिल्ह्यातल्या बुधचा. फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले आणि १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवून परतले. १९४० पासून कृषी संशोधन परिषदेत त्यांनी नमुना पाहणीचे काम उभे केले. त्या काळात प्रशांतचंद्र महालनोबीस लहान तुकडा पुरेसा आहे असे म्हणत, तर सुखात्मे यांचा आग्रह मोठ्या तुकड्याचा होता. तुकडा लहान असला की काठावरची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगते, असे त्यांचे म्हणणे. मोजण्याच्या रीतीतच उत्तर दडलेले असते, ही जाणीव त्यांना तिथेच झाली असावी. १९५१ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि रोममध्ये तिच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून जवळजवळ दोन दशके राहिले. जगातले १० ते १५ टक्के लोक अर्धपोटी आहेत आणि अर्ध्यापर्यंत लोकसंख्या भूक किंवा कुपोषण यांपैकी कशाने तरी ग्रासलेली आहे, हा अंदाज त्यांनी १९६१ मध्ये मांडला. जगाच्या भुकेचा आकडा पुढची कित्येक वर्षे त्यांच्या नावाने सांगितला गेला.

१९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. माणशी रोज २,२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्या घराला झेपत नाही, ते घर गरीब, अशी त्यांची सरळ कसोटी. १९६०-६१ च्या किमतींनुसार हा खर्च खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये येत होता. त्या हिशेबाने खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक रेषेखाली गेले. पुढे १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कार्यगटाने खेड्यासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० कॅलरींचे प्रमाण धरून दारिद्र्यरेषा आखली.

निवृत्तीनंतर सुखात्मे पुण्याला परतले होते आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करत होते. त्यांनी या कसोटीच्या मुळाशीच हात घातला. कॅलिफोर्नियातले पोषणतज्ज्ञ शेल्डन मार्गन यांच्यासह त्यांनी मांडलेला मुद्दा असा : एकाच निरोगी माणसाची गरजही रोज सारखी नसते. आठवड्यागणिक ती वरखाली होते आणि काही मर्यादेत शरीर कमी अन्नातही तोल सांभाळते. मग सरासरी गरज हीच रेषा कशी धरायची? सरासरीच्या खाली खाणारे पुष्कळ जण धडधाकट असतात. रेषा त्या तोलाच्या खालच्या टोकाशी आखली पाहिजे.

आकड्यात बघू. सरासरी २,४०० कॅलरी आणि चढउतार १५ टक्के धरला, तर दोन प्रमाण विचलने खाली गेल्यावर १,६८० उरतात. नियम बदलला नाही, धान्य वाढले नाही, एका सूत्राने ७२० कॅलरी कमी झाल्या आणि कोट्यवधी माणसे भुकेल्यांच्या यादीतून बाहेर पडली. सुखात्मे यांनी १९८२ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात डेव्हिड सेकलर या अर्थतज्ज्ञाने याच वाटेने पुढे जाऊन ‘लहान पण निरोगी’ ही कल्पना मांडली : ठेंगणी राहिलेली मुले आजारी असतातच असे नाही.

दांडेकरांनी १९८१-८२ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त याचा प्रतिवाद केला. दारिद्र्य आणि अल्पपोषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी ठासून सांगितले. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांचा आक्षेप अधिक तिखट होता : खुरटलेले शरीर हे गरिबीशी जुळवून घेतल्याचे चिन्ह आहे, त्याला निरोगीपण म्हणणे म्हणजे गरिबी मान्य करणे.

या वादाकडे मी आमच्या जिल्ह्यातून पाहतो तेव्हा १९७२ चा दुष्काळ समोर येतो. तेव्हा लातूरही उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास मजूर होते. आमच्याकडची म्हातारी माणसे आजही लाल मिलो आणि सुकडीची चव सांगतात. याच अनुभवातून रोजगार हमी योजना आली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तिच्यात मजुरी मिळे ती कामाच्या मापावर : किती खड्डा खणला, किती खडी फोडली. आता सुखात्मे यांचे सूत्र या खड्ड्यापाशी आणून ठेवा. कमी खाल्लेले शरीर तोल सांभाळते हे खरे, पण तोल सांभाळण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे हालचाल कमी करणे. हालचाल कमी झाली की खड्डा उथळ, खड्डा उथळ की मजुरी कमी, आणि मजुरी कमी की पुन्हा जेवण कमी. प्रयोगशाळेत जो समतोल दिसतो, तो मोजपट्टीपाशी तोटा होऊन बाहेर पडतो. भूम-वाशीकडून दसऱ्यानंतर उसाच्या फडावर जाणाऱ्या जोडप्याची कमाईही टनावर ठरते. तिथेही हिशेब हाच.

‘लहान पण निरोगी’चे उत्तर तर पुण्यातूनच आले. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. ही बाळे हडकुळी दिसत, पण त्या मानाने त्यांच्या अंगावर चरबी राखलेली होती. अशा शरीराला पुढे मधुमेहाचा धोका अधिक, असे या संशोधनाचे सांगणे. म्हणजे आईच्या पोटातली तडजोड तिथेच संपत नाही, तिची उधारी पन्नाशीत वसूल होते.

एवढ्यावरून सुखात्मे यांना मोडीत काढणे मला पटत नाही. पोटात जंत असतील, पाणी घाण असेल, तर घातलेले अन्न अंगी लागत नाही, म्हणून धान्याइतकीच स्वच्छ पाण्याची सोय करा, असे ते सांगत राहिले. प्रथिनांच्या तुटवड्याचा गाजावाजा होता तेव्हा, मुळात जेवण पोटभर मिळाले तर डाळ-भाकरीतून प्रथिने बहुतेकांना पुरतात, हेही त्यांनीच दाखवले. परदेशी प्रथिनपूड विकत घेण्यापासून गरीब देशांना सावध करणारा तो हिशेब होता. चूक एकाच ठिकाणी झाली असे मला वाटते : शरीर काय सहन करते आणि माणसाला काय लागते, या दोन प्रश्नांना त्यांनी एकच उत्तर दिले.

सुखात्मे जानेवारी १९९७ मध्ये गेले. त्याच वर्षी रेशनमध्ये रेषेखालचे आणि रेषेवरचे असे दोन भाग पडले. १९९९ मध्ये महाराष्ट्रात पिवळे, केशरी आणि पांढरे कार्ड आले. पिवळ्यासाठी वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा १५,००० रुपये. पुण्यातल्या दोन संस्थांमध्ये विद्वानांनी घातलेला वाद अशा रीतीने आमच्या चावडीवर रंगाच्या रूपात पोचला. रेषा कुठे आखायची हे संख्याशास्त्र ठरवते, पण रेषेच्या अलीकडे-पलीकडे काय मिळायचे हे सरकार ठरवते, आणि ते ठरवताना विचलनाचे सूत्र कोणाला आठवत नाही. अंगणवाडीच्या वजनकाट्यावर आज जे मूल ‘सर्वसाधारण’ गटाच्या काठावर बसते, त्याच्या आईला फडावर जाण्याआधी काय खायला मिळाले आणि तिथे पाणी कुठले मिळाले, हे दोन्ही विचारले जात नाही तोवर दांडेकर आणि सुखात्मे यांचा वाद मिटलेला नाही असेच मी समजतो.