बॉबस्लेचं कूळ ओंडक्यांच्या गाडीत

बॉबस्लेची जन्मकथा सहसा स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झपासून सांगतात. हिवाळ्यात मुक्कामाला आलेल्या इंग्रज पाहुण्यांना बर्फावर खेळ हवा होता. 1880च्या दशकाच्या अखेरीस विल्सन स्मिथ यांनी दोन घसरगाड्या फळीने जोडल्या आणि उतारावरून खालच्या सेलेरिना गावाची वाट धरली. पुढे 1897मध्ये क्लब, 1923मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ, 1924मध्ये शामोनीचं ऑलिम्पिक, 1930मध्ये चौघांच्या गाडीचं पहिलं जागतिक अजिंक्यपद. इथवर वाद नाही.

वाद आहे नावाचा. वेग वाढावा म्हणून गाडीतले लोक एका तालात पुढे-मागे झुलत, त्या झुलण्याला इंग्रजीत ‘बॉब’ म्हणतात, म्हणून बॉबस्ले, अशी प्रचलित समजूत आहे. मला ती मुळीच पटत नाही. ‘बॉबस्लेड’ हा शब्द या खेळाच्या कित्येक दशकं आधी उत्तर अमेरिकेत रुळलेला होता आणि ती गाडी जंगलातून ओंडके वाहायची. ओंडके कसले झुलतात! ‘बॉब’चा दुसरा अर्थ आखूड, छाटलेलं. शेपूट छाटलेला घोडा ‘बॉबटेल’, आखूड कापलेले केस बॉब. ओंडक्यांची गाडीही तशीच: आखूड पट्ट्यांच्या दोन छोट्या गाड्या, एकीमागे एक. लांब, सलग पट्ट्यांची गाडी वळणावर अडते. दोन तुकडे केले की पुढचा आधी वळतो आणि मागचा त्याच्यामागून निमूट येतो.

स्मिथ यांच्या जोडगाडीत हीच युक्ती आहे. ती त्यांना स्वतंत्रपणे सुचली असं म्हणणारे म्हणोत. पण बांधणीही तीच आणि नावही तेच, हा योगायोग मानायला माझं मन धजत नाही. सेंट मॉरिट्झला अमेरिकन पाहुणेही येत. युक्ती आणि नाव दोन्ही त्यांच्याबरोबरच आली, असं माझं ठाम मत आहे.

स्केलेटन हा घसरगाडीचा दुसरा खेळ आज बॉबस्लेच्याच महासंघात असला तरी त्याचं घराणं निराळं. सेंट मॉरिट्झच्याच क्रेस्टा रनवर वाढलेली ती एकसंध गाडी: पालथं झोपायचं, डोकं पुढे, सुकाणू नाही, ब्रेक नाही, वळवायचं ते खांद्यांनी आणि गुडघ्यांनी. 1892मध्ये चाइल्ड नावाच्या गृहस्थांनी आणलेली उघडी धातूची गाडी सांगाड्यासारखी दिसली म्हणून हे नाव, असं एक मत. घसरगाडीच्या नॉर्वेजियन शब्दाचा तो अपभ्रंश, असं दुसरं. इथे मी सांगाड्याच्या बाजूने. त्याचं जागतिक अजिंक्यपद मात्र थेट 1982मध्ये सुरू झालं.

पुढच्या वेळी बॉबस्लेची शर्यत पाहाल तेव्हा वेगाआधी गाडीची ठेवण पाहा. पोलादी पात्यांच्या दोन जोड्या, त्यातली पुढची दोऱ्यांनी वळवलेली. आणि कवचाचेही दोन भाग, मधल्या सांध्यावर एकमेकांपासून वेगळे फिरणारे.