पशुवैद्यकाचा शोध आजारापूर्वीच घ्यावा

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव हा कापूस व सोयाबीनच्या शेतीचा तालुका. येथे गोठ्यातील बैल, दावणीची शेळी आणि दारातील कुत्रा यांची काळजी एकाच घराला वाहावी लागते. पेरणीच्या तोंडावर बैल आजारी पडला, की डॉक्टरांचा शोध आणि पैशांची जुळवाजुळव एकाच वेळी सुरू होते. ही धावपळ टाळायची असेल, तर दोन्ही गोष्टी आधीच ठरवून ठेवणे हिताचे ठरते.

दवाखाना कोणता?

प्रथम जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याची वेळ व दूरध्वनी क्रमांक नोंदवून ठेवावा. रूढ विभागणीनुसार श्रेणी १ च्या दवाखान्यात पदवीधर पशुधन विकास अधिकारी, तर श्रेणी २ मध्ये पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक असतो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी नागपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोला येथील स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था गाठावी लागते. नागपूर महागावपासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असल्याने वाहनाची सोयही आधीच विचारून ठेवावी.

नोंदणी तपासावी

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यक व्यवसायासाठी मान्यताप्राप्त पदवी आणि परिषदेकडील नोंदणी आवश्यक आहे. खासगी डॉक्टरांना नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये. चुकीच्या औषधाने जनावर तर जातेच, शिवाय उपचाराचा पैसाही वाया जातो.

खर्चाचे तीन भाग

पहिला भाग ठरावीक खर्चाचा : लसीकरण, जंतनाशक, गोचिडांचा बंदोबस्त. दुसरा एकदाच येणारा, जसे कुत्र्याचे निर्बीजीकरण. तिसरा आकस्मिक : तपासण्या, सलाईन, प्रवास. उदाहरणार्थ, वर्षाचा ठरावीक खर्च सहा हजार रुपये धरल्यास दरमहा पाचशे रुपये बाजूला काढावेत. आकस्मिक खर्चासाठी वेगळी रक्कम राखावी.

गुरांना लाळ्या-खुरकुताची लस राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत मोफत मिळते. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्याव्यात.

राष्ट्रीय पशुधन अभियानातील विम्यासाठी पशुपालकाचा हप्त्यातील वाटा २०२४ मध्ये १५ टक्के करण्यात आला. २०२२ मधील लम्पी साथीत दगावलेल्या जनावरांसाठी राज्य शासनाने गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार व वासराला १६ हजार रुपये साहाय्य जाहीर केले होते. तथापि विमा असो वा साहाय्य, ते जनावर गेल्यानंतरचे. जनावर वाचविण्यासाठी लागणारा पैसा घरातच तयार असावा लागतो.

रेबीजची लस चुकवू नये

कुत्र्याला तिसऱ्या महिन्यापासून रेबीजची लस देऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढील मात्रा वेळेवर द्याव्यात. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर खात्रीचा उपचार नाही. चावा घेतल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि तातडीने मानवी रुग्णालयात जावे.

डॉक्टरांचे क्रमांक, लसींच्या तारखा व जनावराच्या कानातील बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक एका वहीत लिहून ती घरातील सर्वांना सापडेल अशा जागी ठेवावी. रात्री-अपरात्री जनावर आजारी पडल्यास या वहीमुळे मोलाचा वेळ वाचतो.