शपथ कोणाची?

मंडळी, दिलेला शब्द पाळावा, खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपण मुलाबाळांना शिकवतो. आणि ते योग्यच आहे. पण ज्याच्या नावाने शपथ वाहिली तो धनीच निरपराध माणसांचा आणि देशाचा घात करू लागला, तर शपथ घेणाऱ्याने काय करावे? हा प्रश्न जर्मनीतल्या एका सरदार घराण्यातील लष्करी अधिकाऱ्यापुढे उभा राहिला. त्याचे नाव क्लाउस फॉन श्टाउफेनबर्ग.

जर्मन नावात ‘फॉन’ हा शब्द आला, की बहुधा घराणे खानदानी समजावे. क्लाउसचा जन्म १५ नोव्हेंबर १९०७ रोजी दक्षिण जर्मनीत झाला. वडील वुर्टेंबर्गच्या राजाच्या दरबारी मोठ्या हुद्द्यावर होते. पहिले महायुद्ध हरल्यावर १९१८ साली जर्मनीतली सारी राजेशाही कोसळली. राजा गेला, पण घरातली सेवेची आणि निष्ठेची शिकवण राहिली. कवितेची आवड असलेला हा तरुण १९२६ मध्ये बांबर्ग येथील घोडदळात दाखल झाला.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. श्टाउफेनबर्ग काही पहिल्यापासून हिटलरचा वैरी नव्हता. देश पुन्हा ताठ मानेने उभा राहणार, याचे त्यालाही भरते आले होते. १९३९ साली पोलंडवरील स्वारीत तो होता, आणि तेथील लोकांविषयी त्याने पत्नीला लिहिलेले शब्द तुच्छतेचे आहेत. फ्रान्सवरील विजयाचाही त्याला आनंद झाला.

मग शपथेचे काय? पूर्वी जर्मन सैनिक राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेत. ऑगस्ट १९३४ मध्ये वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग वारले, आणि लगोलग शपथेचे शब्द बदलले. आता प्रत्येक सैनिकाने एकट्या हिटलरच्या नावाने, बिनशर्त आज्ञापालनाची शपथ घ्यायची होती. पाहा, घटनेची जागा एका माणसाने घेतली! पुढे कितीतरी सेनापतींनी याच शपथेकडे बोट दाखवून हात झटकले.

१९४१ साली रशियावर स्वारी झाली. श्टाउफेनबर्ग तेव्हा सैन्याच्या मुख्य कचेरीत होता. ज्यूंच्या सामुदायिक कत्तली, उपासमारीने मरणारे लाखो युद्धकैदी, यांच्या बातम्या त्याच्या कानी येत. १९४२ मध्ये त्याचे मन पुरते फिरले. हा माणूस दूर झाल्याशिवाय गत्यंतर नाही, असे तो उघड बोलू लागला. वरिष्ठ ऐकून घेत, पण पुढे कोणी येईना.

पुढे त्याची बदली उत्तर आफ्रिकेत झाली. ७ एप्रिल १९४३ रोजी ट्युनिशियात विमानांनी त्याच्या गाडीवर गोळ्यांचा वर्षाव केला. डावा डोळा गेला, उजवा हात गेला, डाव्या हाताची दोन बोटे गेली. अशा माणसाने घरी बसून निवृत्तिवेतन घेतले असते, तर कोणी नावे ठेवली नसती. पण तो बर्लिनला परतला आणि कटात सामील झाला.

देशात बंडाळी झाल्यास राखीव सेनेने काय करायचे, याची ‘वाल्किरी’ नावाची सरकारी योजना तयारच होती. हेनिंग फॉन ट्रेस्को आणि श्टाउफेनबर्ग यांनी तीच कौशल्याने फिरवून घेतली. हिटलर मेला, की याच हुकुमांनी नाझी पुढाऱ्यांना अटक करायची! जुलै १९४४ मध्ये श्टाउफेनबर्ग कर्नल झाला आणि हिटलरच्या बैठकींत त्याला प्रवेश मिळाला.

२० जुलै १९४४. पूर्व प्रशियातील ‘लांडग्याची गुहा’ नावाचे हिटलरचे ठाणे. उरलेल्या तीन बोटांत पक्कड धरून त्याने स्फोटकाची कळ दाबली. तेवढ्यात बैठकीची घाई झाली, आणि दोनांपैकी एकच स्फोटक बॅगेत गेले. बॅग मेजाखाली ठेवून तो बाहेर पडला. दुपारी पावणेएकच्या सुमारास धडाका झाला. चार माणसे प्राणाला मुकली, पण हिटलर वाचला. दिवस उन्हाळ्याचे, त्यामुळे खिडक्या उघड्या होत्या, आणि मेजाचे जाड लाकूड आड आले.

काम फत्ते झाले, या समजुतीने श्टाउफेनबर्ग विमानाने बर्लिनला आला. हुकूम सुटले. पण कटवाल्यांच्या हातून एक मोठी गोष्ट राहिली: त्यांना रेडिओ बंद पाडता आला नाही. हिटलर जिवंत असल्याची बातमी संध्याकाळी नभोवाणीवरून देशभर गेली, आणि काठावर बसलेले अधिकारी भराभर पलटले. मध्यरात्रीच्या सुमारास कचेरीच्या चौकात श्टाउफेनबर्ग व त्याचे तीन साथी गोळ्यांना बळी पडले. त्याचे वय होते अवघे ३६. पुढे भाऊ बेर्टोल्ट फासावर गेला. गरोदर पत्नी नीना कैदेत पडली. मुलांना आईपासून तोडून, आडनाव बदलून अनाथालयात ठेवण्यात आले.

युद्ध संपले, तरी ‘शपथ मोडणारा द्रोही’ हा शिक्का पुसला गेला नव्हता. अखेर १९५२ साली ब्राउनश्वाइग येथील खटल्यात सरकारी वकील फ्रिट्झ बाउअर यांनी हा प्रश्न न्यायालयापुढे मांडला. ते स्वतः ज्यू. नाझींनी त्यांना छळछावणीत डांबले होते. कटवाल्यांना देशद्रोही म्हणणाऱ्यास न्यायालयाने शिक्षा दिली. पश्चिम जर्मनीने १९५६ साली सैनिकांचा नवा कायदा केला. त्यात निष्ठा कोणा व्यक्तीशी नाही, तर देशाशी आणि लोकांच्या हक्क-स्वातंत्र्याशी. शिवाय ज्या हुकुमाने गुन्हा घडेल, तो सैनिकाने पाळताच कामा नये, असेही त्यात लिहिले आहे.

शिक्षक बंधु-भगिनींनो, ही गोष्ट मुलांना सांगाल तेव्हा श्टाउफेनबर्गला देव करू नका. तो उशिरा जागा झाला, आणि लोकशाहीविषयीचे त्याचे विचारही आपल्याला सगळेच पटणारे नाहीत. पण शपथेआड लपण्याची सोय असताना तो लपला नाही. आपली निष्ठा खुर्चीवरच्या माणसाशी, की ती खुर्ची ज्या कायद्यावर उभी आहे त्याच्याशी, हा प्रश्न वर्गात जरूर विचारा. मुले काय उत्तर देतात, ते ऐकण्याजोगे असेल.