पेशीपटलातील मेदाम्ले : निरोगी पेशी ते कर्कपेशी

पेशीचे पटल तेलातुपासारख्या द्रव्याचे असावे, हा निष्कर्ष चार्ल्स अर्नेस्ट ओव्हरटन याने १८९० च्या दशकात झुरिक येथे काढला. मेदात सहज विरघळणारे पदार्थ वनस्पतींच्या मूलरोमांत झटकन शिरतात, असे त्याला आढळले होते.

पटलाची रचना १९२५ मध्ये लायडन येथे गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी उलगडली. माणूस, कुत्रा, मेंढी, ससा अशांच्या तांबड्या रक्तपेशींतील मेद त्यांनी ॲसिटोनने वेगळा केला, तो पाण्यावर पसरला आणि एका रेणूच्या जाडीचा सलग थर होईपर्यंत पट्टीने सारत नेला. थराचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरले. अर्थात पटल दुपदरी होते. ॲसिटोनने सगळा मेद निघत नव्हता आणि पेशींचे क्षेत्रफळही कमी धरले गेले होते, हे पुढे उघड झाले. दोन्ही चुका परस्परांना छेदून गेल्या आणि निष्कर्ष टिकला.

या पदरांतील बहुतेक रेणूंना मेदाम्लांच्या दोन शेपट्या असतात. संपृक्त मेदाम्लांच्या शेपट्या सरळ असल्याने दाटीने बसतात. असंपृक्त मेदाम्लांना दुहेरी बंधापाशी बाक येतो, त्यामुळे पटल सैल आणि प्रवाही राहते. प्रवाही पटलात प्रथिने सरकतात, हे चित्र सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडले.

त्याच्या बऱ्याच आधी मिनेसोटात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर यांनी उंदरांना मेदविरहित आहार दिला. उंदरांच्या शेपटीवर खवले धरले, वाढ खुंटली; लिनोलेइक आम्ल देताच ते सुधारले. सस्तन प्राण्यांचे शरीर हे बहुअसंपृक्त, म्हणजे एकाहून अधिक दुहेरी बंधांचे, आम्ल स्वतः बनवू शकत नाही, हे १९२९-३० मधील या प्रयोगांमुळे समजले.

पेशी कोणती मेदाम्ले स्वतः बनवतात, या प्रश्नाला कर्करोगाच्या संदर्भात पुढे महत्त्व आले. प्रौढ शरीरातील बहुतेक निरोगी पेशी मेदाम्ले रक्तातून घेतात. यकृत आणि दूध स्रवणारे स्तन हे ठळक अपवाद. मात्र कर्कगाठींचे काप ग्लुकोज व ॲसिटेटपासून मेदाम्ले घडवतात, हे ग्रेस मेडिस आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवले. गंभीर स्तनकर्करोगात आढळणारे एक प्रथिन म्हणजे मेदाम्ले घडवणारे एन्झाइमच, हे १९९४ मध्ये सिद्ध झाले.

हे एन्झाइम मुख्यतः पामिटिक हे संपृक्त आम्ल बनवते. पेशी त्यात एक दुहेरी बंध घालू शकते, पण त्यापासून लिनोलेइक आम्ल करू शकत नाही. म्हणून घरचा मेद वाढला की पटलातील बहुअसंपृक्त आम्लांचा वाटा घटतो. ऑक्सिडीकरणाला हीच आम्ले सर्वांत आधी बळी पडतात. त्यामुळे अशा कर्कपेशींना संरक्षण मिळते. मेदनिर्मिती रोखल्यास कर्कपेशी ऑक्सिडीकरणाने अधिक सहज मरतात, हे २०१० मधील प्रयोगांत दिसले.

सर्व कर्करोगांत मात्र पटलाची घडण एकसारखी नसते. काही कर्कपेशी रक्तातील मेदावरही वाढतात, आणि मूळ ऊती व आहार यांनुसार मेदाम्लांचे प्रमाण बदलते.