डेस्कटॉपला यूएसबी पोर्ट किती हवेत? मोजायचे कसे आणि कमी पडले तर वाढवायचे कसे

मोबाइलला खाली एकच पोर्ट असतो. चार्जिंग त्यावरच, डेटा केबल त्यावरच. त्यामुळे पहिल्यांदा डेस्कटॉप घेताना "इतक्या पोर्टचं करायचं काय?" असं वाटतं. पण महिनाभरात प्रिंटरची केबल काढून तिथे पेन ड्राइव्ह लावायची वेळ येते. मग आपण स्वस्तातला हब आणतो, सगळं त्यालाच जोडतो, आणि एक दिवस फोनमधले फोटो हार्ड डिस्कवर टाकताना कॉपी मध्येच थांबते.

असं का होतं? कारण नुसते पोर्ट मोजून भागत नाही. प्रत्येक पोर्टला वेग किती आणि वीज किती मिळते, हेसुद्धा बघावं लागतं. आज आपण हेच सोप्या भाषेत समजून घेऊया.

यूएसबी आलं कुठून?

पूर्वी कॉम्प्युटरच्या मागे प्रत्येक वस्तूसाठी वेगळं भोक असायचं. कीबोर्डचं वेगळं, प्रिंटरचं वेगळं, मोडेमचं वेगळं. ही कटकट संपवण्यासाठी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती आली. बडोद्यात शिकलेले इंटेलचे इंजिनिअर अजय भट्ट यांचा या कामात मोठा वाटा होता. नियमाप्रमाणे एका यूएसबी कंट्रोलरला १२७ डिव्हाइस जोडता येतात. पण हा आकडा कागदावरचा. प्रत्यक्षात त्याच्या खूप आधी वीज किंवा वेग कमी पडतो.

आधी आपली गरज मोजा

एका कागदावर यादी करा:

- कीबोर्ड: १
- माऊस: १
- प्रिंटर: १
- वेबकॅम: १
- हेडसेट: १
- वाय-फाय डोंगल (बोर्डात वाय-फाय नसेल तर): १
- फोनची केबल: १
- पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क: १

झाले आठ! यात दोन मोकळे धरा, म्हणजे दहा. यातले कायम जोडलेले डिव्हाइस मागच्या पोर्टना आणि रोज काढ-घाल होणारे पुढच्या पोर्टना, असा हिशोब ठेवा. पुढे दोन तरी पोर्ट हवेतच, नाहीतर प्रत्येक वेळी टेबलाखाली वाकावं लागतं.

सगळे पोर्ट सारखे नसतात: वेग

- यूएसबी २.० (सन २०००): ४८० एमबीपीएस
- यूएसबी ३.० (सन २००८): ५ जीबीपीएस
- यूएसबी ३.१ (सन २०१३): १० जीबीपीएस
- यूएसबी ३.२ (सन २०१७): २० जीबीपीएसपर्यंत

इथे एक गंमत आहे. यूएसबी ३.० चंच नाव नंतर बदलून "यूएसबी ३.२ जेन १" असं झालं. म्हणजे खोक्यावर ३.२ लिहिलं असलं तरी पोर्ट ५ जीबीपीएसचाच असू शकतो. म्हणून नाव वाचू नका, जीबीपीएसचा आकडा वाचा. पोर्टच्या आतली निळी पट्टी बहुतेक वेळा ३.० ची खूण असते, पण प्रत्येक कंपनी हा रंग पाळतेच असं नाही.

फरक किती पडतो? २० जीबीचे फोटो-व्हिडिओ यूएसबी २.० मधून साधारण ३५ एमबी प्रति सेकंद वेगाने गेले, तर साडेनऊ मिनिटं लागतात. तीच हार्ड डिस्क ३.० ला लावली आणि १०० एमबीचा वेग मिळाला, तर साडेतीन मिनिटांच्या आत काम होतं. टाइप-सी बघूनही फसू नका. टाइप-सी हा पोर्टचा आकार आहे, वेग नाही.

खरी अडचण इथे असते: वीज

यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९०० मिलिअँपिअर. कीबोर्ड-माऊसला याच्यापेक्षा खूप कमी लागते. पण खिशात मावणारी पोर्टेबल हार्ड डिस्क सगळी वीज पोर्टमधूनच घेते, आणि फिरायला सुरू होताना ती ५०० च्या आसपास किंवा त्याहून जास्त मागू शकते.

आता अडॅप्टर नसलेला साधा हब घ्या. यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे त्याला मिळालेल्या ५०० पैकी १०० त्याच्या स्वतःसाठी आणि उरलेले चार पोर्टना प्रत्येकी १००. एवढ्यावर हार्ड डिस्क कशी चालणार? मग ती टकटक आवाज करते, मध्येच गायब होते, पुन्हा दिसते. नेमकं त्याच वेळी काही कॉपी होत असेल तर फाइल खराब होऊ शकते.

म्हणून एक सवय लावून घ्या: महत्त्वाचे फोटो कधीच "कट" करून हलवू नका. आधी कॉपी करा, उघडून बघा, मगच फोनमधून डिलीट करा.

कुठे काय लावायचं?

- हार्ड डिस्क: मागच्या ३.० पोर्टला थेट. मागचे पोर्ट मदरबोर्डलाच बसवलेले असतात, पुढचे कॅबिनेटमधल्या वायरने जोडलेले असतात.
- कीबोर्ड, माऊस, प्रिंटर: २.० पोर्ट पुरेसे.
- वायरलेस माऊसचा डोंगल: ३.० ला लावलेल्या हार्ड डिस्कपासून लांब. यूएसबी ३.० मुळे २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट तयार होतो आणि माऊस अडकत चालतो. छोटी एक्स्टेन्शन केबल लावली तरी फरक पडतो.
- फोन चार्जिंग: भिंतीवरच्या चार्जरने. ते लवकर होतं आणि एक पोर्टही वाचतो.

पोर्ट कमी पडले तर तीन उपाय

१. रिकामा हेडर वापरा. मदरबोर्डवर यूएसबीसाठी पिनांचे ठोकळे असतात, त्यांना हेडर म्हणतात. २.० चा हेडर ९ पिनांचा, ३.० चा १९ पिनांचा. एका हेडरवरून दोन पोर्ट निघतात. रिकामा असेल तर मागे ब्रॅकेट लावून घेता येतं. काम करताना कॉम्प्युटर बंद करून पिन बोर्डातून काढायला विसरू नका.

२. पीसीआय एक्सप्रेस कार्ड. याला स्वतःचा कंट्रोलर असतो, म्हणून मदरबोर्डच्या पोर्टवरचा भार कमी होतो. पॉवर सप्लायमधून वेगळी वायर जोडता येणारं कार्ड घेतलं तर चांगलं.

३. अडॅप्टरवाला हब. वीज अडॅप्टर देतो, त्यामुळे हार्ड डिस्कही चालते. पण वेग वाढत नाही. हबला जोडलेली सगळी डिव्हाइस एकाच केबलचा वेग वाटून घेतात.

कीबोर्ड, माऊस आणि पेन ड्राइव्हपुरतीच गरज असेल, तर साधा हबसुद्धा चालतो. तिथे जास्त पैसे घालवू नका.

दुकानात विचारायचे चार प्रश्न

- मागे किती पोर्ट आणि पुढे किती?
- त्यातले ५ जीबीपीएस किंवा जास्त वेगाचे किती?
- मदरबोर्डवर रिकामा यूएसबी हेडर आहे का?
- वाय-फाय बोर्डातच आहे, की डोंगल लावावा लागेल?

प्रोसेसर आणि रॅमबद्दल सगळेच विचारतात, पोर्टबद्दल फारसं कुणी विचारत नाही. पण रोज हात लागतो तो पोर्टलाच. म्हणून बिल करण्याआधी कॅबिनेट फिरवून मागची बाजू एकदा स्वतः बघा आणि आपल्या यादीशी ताडून पाहा.